ग्रामपंचायतीची मासिक सभा : नव्या सदस्यांनी कामकाज कसे पाहावे आणि कसे लिहून घ्यावे

निवडणुकीचा गुलाल धुऊन निघाला की पुढची पाच वर्षे ग्रामपंचायत सदस्याच्या वाट्याला येणारे काम मुख्यतः महिन्यातून एकदा भरणाऱ्या सभेत होते, आणि या सभेत नेमके काय करायचे हे नव्या सदस्याला सहसा कोणीच सांगत नाही. मी नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका लहान गावात दोन वेळा सदस्य होते. पहिली दोन वर्षे मी सभेला जात होते, चहा घेत होते, दाखवतील तिथे सही करत होते. त्या सह्यांचा अर्थ एका उन्हाळ्याने शिकवला.

आमच्या मळ्यातल्या वस्तीला नळाचे पाणी नव्हते. वस्तीपर्यंत पाइपलाइन टाकावी, असा विषय मी नोव्हेंबरच्या सभेत मांडला, सर्वांनी माना डोलावल्या, सरपंचांनीही होकार दिला, आणि मी घरी येऊन शेजारणींना सांगितले की काम झाले. फेब्रुवारीत पंचायत समितीकडून प्रस्ताव परत आला, कारण सोबत जोडलेल्या इतिवृत्ताच्या नकलेत त्या विषयापुढे एकच ओळ होती : ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ मंजुरी दिल्याचा शब्द नव्हता, लांबी नव्हती, निधी कोणता ते नव्हते, सूचक-अनुमोदकांची नावे नव्हती. सभेत काय बोलले गेले हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, पण पंचायत समितीला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तिच्यापुढे फक्त प्रोसिडिंग, म्हणजे तेच लेखी इतिवृत्त, होते. तो उन्हाळा वस्तीतल्या बायकांनी अर्ध्या कोसावरच्या विहिरीवर काढला. त्या प्रोसिडिंगखाली माझी सही होती.

म्हणून हे मार्गदर्शन मुख्यतः कागदाविषयी आहे. बोलण्याचे धाडस हळूहळू येते, परंतु कागद वाचण्याची सवय पहिल्या सभेपासून लावून घ्यावी लागते.

सभेची नोटीस

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 आणि त्याखालील सभांबाबतचे 1959 चे नियम हा या कामकाजाचा पाया आहे. पंचायतीची सभा दर महिन्याला किमान एकदा झाली पाहिजे, आणि सरपंचांनी, किंवा त्यांच्या अनुपस्थितीत उपसरपंचांनी, पुरेसे कारण नसताना सभा बोलावण्यात कसूर केली तर कलम 36 प्रमाणे त्यांचे पदच धोक्यात येते. साधारण सभेची नोटीस सभेपूर्वी पूर्ण तीन दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण एक दिवस आधी मिळायला हवी. ‘पूर्ण’ या शब्दाकडे लक्ष द्यावे : नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही सोडून मधले दिवस मोजायचे असतात. सोमवारी संध्याकाळी शिपाई नोटीस घेऊन आला आणि सभा गुरुवारी सकाळी असेल, तर मधले पूर्ण दिवस दोनच भरतात.

नोटीस घेताना शिपायाच्या वहीत सही करावी लागते. त्या सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. कोणाला यात अविश्वास दिसला तरी चालेल. पुढे कधी वाद झाला तर नोटीस वेळेवर मिळाली की नाही हे त्या तारखेवरूनच ठरते. हल्ली व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘उद्या 11 वाजता मासिक सभा’ एवढाच संदेश टाकण्याची पद्धत पडली आहे. तो निरोप म्हणून उपयोगी असला तरी विषयपत्रिकेसह लेखी नोटिशीची जागा त्याने घेऊ नये, असा आग्रह पहिल्याच महिन्यात धरावा.

इथे महिला सदस्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. नोटीस तुमच्या नावाने निघते, खुर्ची तुमची असते आणि जबाबदारीही तुमचीच असते. पती, दीर किंवा मुलगा सभेत बसला आणि नंतर रजिस्टर सहीसाठी घरी आले, तर ती सही करू नये. जी सभा आपण पाहिली नाही तिच्या उपस्थितीची सही करणे म्हणजे न पाहिलेल्या खर्चाला संमती देणे होय. घरातली माणसे सहसा वाईट हेतूने हे करत नाहीत, कामाच्या घाईत आणि जुन्या सवयीने करतात, हे मी जाणते. तरीही लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आणि वसुली लागली तर कागदावर नाव तुमचेच असते. सभेची वेळ गैरसोयीची असेल तर ती बदलून मागावी. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत आणि आमच्याकडे उन्हाळ कांद्याच्या लागवडीत सकाळच्या सभांना माणसे जमत नाहीत, म्हणून आमच्या पंचायतीने त्या महिन्यांत सभा दुपारी चारनंतर घ्यायला सुरुवात केली आणि कोरमअभावी सभा तहकूब होण्याचे प्रकार थांबले.

कोरम म्हणजे गणपूर्ती. पंचायतीच्या सभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर असावे लागतात. सभा सुरू होतानाच हजेरी मोजून घ्यावी. आणखी एक ध्यानात ठेवावे : परवानगी न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाऊ शकते. आजारपण, बाळंतपण किंवा ऊसतोडीसारख्या कामासाठी बाहेर राहणे अटळ असेल, तर रजेचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

विषयपत्रिका

विषयपत्रिका, म्हणजे गावच्या भाषेत अजेंडा, बहुतेक गावांत महिनोन्महिने एकाच साच्यात निघतो. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, दुसरा मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे, मग कर वसुलीचा आढावा, आलेल्या अर्जांचा व शासकीय पत्रांचा विचार, पाणीपुरवठा व दिवाबत्ती, चालू कामांचा आढावा, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. साचा वाईट नाही, उलट त्यामुळे काही राहून जात नाही. अडचण शेवटच्या ओळीत आहे. ज्या विषयाची पूर्वसूचना कोणालाही नको असते तो विषय ऐनवेळी येतो. पाण्याची मोटर जळाली, साथ पसरली, शाळेची भिंत पडली, असे विषय ऐनवेळी येणे समजण्यासारखे आहे. मात्र जागा भाड्याने देणे, ना हरकत दाखला देणे, मोठी खरेदी करणे किंवा एखाद्याचे नाव नमुना 8 ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, लावणे हे विषय ऐनवेळी आले, तर सभेत उभे राहून म्हणावे : ‘हा विषय पुढील महिन्याच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, कागद पाहिल्याशिवाय मत देता येणार नाही.’ हे वाक्य रागाने बोलू नये, पण ते तसेच्या तसे प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यावे.

स्वतःचा विषय विषयपत्रिकेवर आणायचा असेल तर तो सभेत तोंडी काढण्याची वाट पाहू नये. सभेच्या आठ-दहा दिवस आधी सरपंचांच्या नावाने एका पानाचा अर्ज ग्रामपंचायत कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी यांचे पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले असले तरी लोक भाऊसाहेब म्हणूनच हाक मारतात, आणि विषयपत्रिका प्रत्यक्षात तेच तयार करतात. त्यांच्याकडे दोन-तीन गावांचा पदभार असू शकतो, त्यामुळे ते कोणत्या वारी कोणत्या गावी असतात हे आधी विचारून घ्यावे. अर्जात आपली अडचण कथा सांगितल्यासारखी लिहू नये. काय करायचे, कुठे करायचे, कोणासाठी करायचे आणि निर्णय कोणता हवा, हे चार मुद्दे आले की अर्ज पुरेसा झाला.

जमाखर्च कसा पाहावा

सभेचा सर्वांत महत्त्वाचा विषय हाच असतो, आणि सर्वांत घाईने उरकला जाणाराही हाच असतो. ‘मागील महिन्यात जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी, मंजूर का?’ ‘मंजूर.’ एवढ्यात तो संपतो. ग्रामपंचायतीचे हिशेब 2011 च्या लेखासंहितेनुसार नमुना 1 ते 33 मध्ये ठेवले जातात. सदस्याला सगळे तेहतीस पाठ असण्याची गरज नाही. दरमहा पाहण्यासारख्या वस्तू थोड्याच आहेत : नमुना 5, म्हणजे सामान्य रोकडवही, खर्चाची प्रमाणके, ज्यांना सगळे व्हाउचर म्हणतात, साठा नोंदवही, आणि बँकेचे पासबुक किंवा खातेउतारा. रोकडवहीतली महिनाअखेरची बँक शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळते का, हा पहिला प्रश्न. जुळत नसेल तर ते लगेच गैरव्यवहाराचे लक्षण मानू नये, कारण दिलेला चेक अजून वटलेला नसणे हे साधे कारण असू शकते. मात्र फरक का आहे ते सांगता आले पाहिजे, आणि सांगितलेले कारण पुढच्या महिन्यात मिटलेले दिसले पाहिजे.

ग्रामनिधी, पाणीपुरवठा आणि वित्त आयोग यांची खाती वेगळी असतात. एका खात्यातला पैसा दुसऱ्या कामाला तात्पुरता वापरून नंतर भरण्याची सवय धोक्याची आहे, कारण ते ‘नंतर’ बहुधा येत नाही आणि लेखापरीक्षणाचा आक्षेप मात्र कायम राहतो.

एक बिल जवळून पाहू. समजा, विहिरीवरील मोटर दुरुस्तीचे व्हाउचर पुढे आले आहे. त्यावर फक्त ‘मोटर दुरुस्ती’ आणि रक्कम लिहिलेली असेल तर ते अपुरे आहे. मोटर किती अश्वशक्तीची, ती कोणत्या तारखेला बंद पडली, रिवाइंडिंग केले की फक्त बुश आणि सील बदलले, केबल किती मीटर लागली, मोटर बाहेर काढून पुन्हा सोडण्याची मजुरी किती, जुने निघालेले साहित्य कुठे आहे, आणि मोटर चालू झाल्याची सही पाणीपुरवठा कर्मचाऱ्याने केली आहे का, एवढे त्यावर किंवा त्यासोबत असायला हवे. आमच्याकडे एका वर्षात एकाच मोटरचे रिवाइंडिंग तीनदा झाल्याचे मी व्हाउचर ओळीने लावून पाहिल्यावर ध्यानात आले. विचारले तेव्हा कळले की बिले खोटी नव्हती, विजेचा दाब कमी असताना मोटर चालवली जात होती आणि संरक्षक स्टार्टर बंद पडला होता. नवा स्टार्टर घेण्याचा ठराव झाला आणि पुढचे वर्षभर मोटर जळाली नाही. व्हाउचर वाचण्याचा उपयोग चोर पकडण्यापुरता नसतो, असा कितीतरी बारीक गळका खर्च त्यातून सापडतो.

टीसीएल पावडरचेही तसेच. पिण्याच्या पाण्यात टाकायची ही पावडर किती पोती आली, दररोज किती वापरली आणि आज किती उरली, हे साठा नोंदवहीत दिसले पाहिजे. शंका आली तर सभा संपल्यावर सरळ गोदामात जाऊन पोती मोजावीत. पावडर ओलसर जागी उघडी पडली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो, मग हिशेब बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही.

वित्त आयोगाच्या निधीतले पैसे आता चेकने निघत नाहीत. ई-ग्रामस्वराज प्रणालीवर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीने थेट खात्यात रक्कम जाते. ही सही ज्या डोंगलमध्ये असते ते डोंगल अनेक गावांत संगणक परिचालकाच्या टेबलाच्या खणात, पासवर्डच्या चिठ्ठीसह पडलेले असते. सरपंच हे वाचत असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, डोंगल स्वतःच्या ताब्यात ठेवावे आणि देयक समोर पाहूनच सही द्यावी. कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्यात आणि यात काही फरक नाही. याच प्रणालीवर आपल्या गावाचा आराखडा आणि झालेला खर्च कोणालाही पाहता येतो, तेव्हा सदस्याने तो मोबाइलवर उघडून सभेत वाचल्या जाणाऱ्या आकड्यांशी ताडून पाहावा.

स्वउत्पन्नातून राखून ठेवायच्या खर्चाकडे सदस्याने वर्षाच्या सुरुवातीपासून लक्ष ठेवावे : मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा खर्च कसाबसा उरकण्यासाठी खुर्च्या, सतरंज्या आणि भिंतीवरचे फलक घेतले जातात. जूनच्या सभेतच लाभार्थ्यांची यादी आणि त्यांची गरज विचारली तर त्याच पैशातून एखाद्या दिव्यांग मुलाला तीनचाकी किंवा अंगणवाडीला वजनकाटा मिळू शकतो.

कर वसुली

घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या वसुलीचा आकडा टक्क्यांत वाचला जातो. त्यावर समाधान न मानता चालू मागणी किती, मागील थकबाकी किती आणि दोन्हींची वसुली किती, असे वेगवेगळे विचारावे. मागणीची नोंद नमुना 9 मध्ये आणि आकारणीची नमुना 8 मध्ये असते. (शेतीचा आठ-अ उतारा महसुलाचा असतो. त्याची आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ची गल्लत शिकलेली माणसेही करतात.) सदस्याने स्वतःची पट्टी सर्वांत आधी भरावी. मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास सदस्य अपात्र ठरू शकतो, आणि विरोधक नेमके हेच शोधत असतात. पावती नमुना 10 ची घ्यावी आणि जपून ठेवावी. त्याचप्रमाणे पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात स्वतःचा हितसंबंध असणे हेही अपात्रतेचे कारण आहे. गावातल्या कामाला आपल्याच ट्रॅक्टरने वाळू-मुरूम पुरवला, यात गैर काय, असे अनेकांना मनापासून वाटते. पण कायदा इथे कडक आहे आणि तो तसाच असावा, असे माझे मत आहे.

ठराव लिहून घेणे

मी वर सांगितलेली पाइपलाइनची गोष्ट पुढच्या वर्षी पुन्हा विषयपत्रिकेवर आली. या वेळी मी ठरावाचा मसुदा घरूनच लिहून नेला, आणि भाऊसाहेबांनी तो थोडी शब्दरचना बदलून प्रोसिडिंगमध्ये उतरवला. तो साधारण असा होता :

‘विषय क्र. 5 – मळ्यातील वस्तीस नळपाणीपुरवठा करण्यासाठी पाइपलाइन टाकणेबाबत. ठराव क्र. 5 – गावठाणातील पाण्याच्या टाकीपासून मळ्यातील वस्तीपर्यंत अंदाजे 600 मीटर लांबीची पाइपलाइन टाकण्यास, सदर कामाचे अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांकडून तयार करून तांत्रिक मान्यता घेण्यास, आणि त्यावरील खर्च वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सदर प्रस्ताव पंधरा दिवसांत पंचायत समितीकडे सादर करण्यास ग्रामपंचायत अधिकारी यांना प्राधिकृत करण्यात येत आहे. सूचक… अनुमोदक… ठराव सर्वानुमते मंजूर.’

बंधित निधी म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला पैसा. या मसुद्यात पाच गोष्टी आहेत आणि कोणत्याही ठरावात त्या असाव्यात : काम काय व किती, ते कुठे, पैसा कोणत्या निधीतून, पुढची कारवाई कोणी व किती दिवसांत करायची, आणि सभेचा निर्णय. ‘चर्चा झाली’, ‘विचार करण्यात यावा’, ‘पाठपुरावा करावा’, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ या चार शब्दप्रयोगांपाशी सदस्याने थांबले पाहिजे, कारण त्यांत निर्णय नसतो. काम रस्त्याचे असेल तर तो रस्ता नमुना 23 ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, नोंदलेला आहे का, हे ठरावापूर्वीच पाहून घ्यावे. नोंद नसेल तर प्रस्ताव तिथेच अडतो. निधी वित्त आयोगाचा असेल तर ते काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात असावे लागते. आराखड्यात नसलेले काम मासिक सभेने कितीही एकमताने मंजूर केले तरी त्याचे देयक निघत नाही, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला आपल्या वॉर्डातली माणसे घेऊन जाणे हे मासिक सभेत वर्षभर भांडण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

मतभेद असेल तर ठराव बहुमताने होतो आणि मते समसमान पडल्यास अध्यक्षांचे निर्णायक मत असते. आपला विरोध असेल तर तो नावासह आणि एका ओळीच्या कारणासह लिहून घ्यावा. गप्प बसून नंतर पारावर विरोध सांगण्याला अर्थ नाही. पंचायतीच्या पैशाचे नुकसान झाले आणि जबाबदारी निश्चित होऊ लागली, तर मंजुरी देणाऱ्या सदस्यांपर्यंतही ती पोहोचू शकते, आणि तेव्हा लिहिलेला विरोध कामी येतो.

इतिवृत्त सभेतच लिहिले जाणे उत्तम. पुष्कळ ठिकाणी भाऊसाहेब कच्च्या वहीत टिपणे घेतात आणि पक्के प्रोसिडिंग नंतर लिहितात, आणि त्यांच्यावरचा कामाचा भार पाहता हे सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र सही करण्यापूर्वी पानांना छापील क्रमांक आहेत का, दोन ठरावांच्या मध्ये कोरी जागा सोडलेली नाही ना, आणि शेवटच्या ठरावाखाली रेघ मारून अध्यक्षांची सही झाली आहे का, हे पाहावे. हजेरीच्या सह्या आणि शेवटचा ठराव यांच्यामध्ये चार बोटे जागा राहिली की त्यात पाचवा ठराव शिरतो. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्या जागेत शिरलेला ठराव गावाच्या गायरानातील जागेचा होता.

पुढच्या सभेत पहिला विषय येतो तो याच इतिवृत्ताच्या वाचनाचा. ते पूर्ण वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. चूक आढळली तर कायम करण्यापूर्वी दुरुस्ती सुचवावी, कारण एकदा कायम झाले की ते पंचायतीचे अधिकृत म्हणणे ठरते. सदस्याने इतिवृत्ताची नक्कल मागितली तर ती मिळायला हवी. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून कोणत्याही नागरिकाला ती मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर मिळावे लागते, ही गोष्ट शांतपणे बोलून दाखवली तरी नक्कल बहुधा त्याच आठवड्यात मिळते.

नाशिक जिल्ह्यातील विषयांचे वेळापत्रक

जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि सर्वांचे हवामान सारखे नाही. येवला, नांदगाव, चांदवड आणि सिन्नरच्या पूर्व भागात पाऊस मुळातच कमी पडतो, तर इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात धो-धो पडूनही एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर हंडे रांगेत लागतात. टंचाई कृती आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत केला जातो. म्हणून विहीर अधिग्रहण किंवा टँकरची मागणी मेमध्ये आठवून उपयोग नसतो. आपल्या गावाचे व वस्त्यांचे नाव आराखड्यात गेले आहे का, हे सप्टेंबरच्या सभेत विचारावे. मागणीचा ठराव करताना वस्तीचे नाव, तिची लोकसंख्या, जनावरांची संख्या, सध्याचा उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, कोणता आणि तो कधी आटतो, हे सगळे लिहावे. तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी होते तेव्हा ते हेच विचारतात, आणि उत्तर कागदावर तयार असले की आठवडा वाचतो.

अनुसूचित क्षेत्रातील गावांत, म्हणजे सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत आणि इतर काही तालुक्यांच्या ठरावीक गावांत, आदिवासी भागातील ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि 2014 च्या राज्य नियमांमुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा जाहीर करून घेता येते. तिथे मासिक सभेने ग्रामसभेच्या निर्णयाला वळसा घालून ठराव करू नये. अबंध निधीचे, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशाचे, नियोजन ग्रामसभेत आधी व्हावे आणि पंचायतीने त्याची अंमलबजावणी करावी, हा क्रम उलटा झालेला दिसला तर सदस्याने सभेतच तो लक्षात आणून द्यावा.

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा सर्वांना पाठ असतात, आणि ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यायची असते. या सभांतून आलेल्या मागण्या त्यानंतरच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर आल्या का, हे ताडून पाहणे सदस्याचे काम आहे. ग्रामसभेत टाळ्या मिळालेल्या मागण्या इथेच हरवतात.

मी शंभर पानी वही घातली होती. डाव्या पानावर सभेची तारीख, ठरावाचा क्रमांक आणि एका ओळीत निर्णय, उजव्या पानावर पुढे काय झाले : प्रस्ताव कधी गेला, जावक क्रमांक काय, तांत्रिक मान्यता कधी आली, कार्यारंभ आदेश कधी निघाला, बिल कधी निघाले. उजवे पान कोरे राहिले की तोच विषय पुढच्या महिन्यात विचारायचा. पंचायत समितीत गेल्यावरही ‘आमच्या प्रस्तावाचे काय झाले’ असे न विचारता जावक क्रमांक व तारीख सांगावी. टेबलामागचा माणूस मग फाइल शोधतो. आमच्या पाइपलाइनच्या ठरावापुढचे उजवे पान भरायला चौदा महिने लागले, आणि त्यात सात नोंदी आहेत. शेवटची नोंद वस्तीतल्या पहिल्या नळाला पाणी आले त्या दिवसाची आहे. तिच्याखाली मी मोटर चालू करण्याची वेळ लिहून ठेवली होती, कारण पुढच्या सभेत वीजबिलाचा विषय येणार हे तोपर्यंत मला कळू लागले होते.